उघडी तक्रार

पाण्याची बाटली भरून परत आले तर कॉम्प्युटरवर लावलेला रन संपलेला. आधी वाटलं, पडला असणार, कारण गेला आठवडाभर तो एक तर पडत होता नाहीतर लोळत होता. सकाळी लावावा आणि संध्याकाळी पर्स खांद्याला अडकवून निघताना एकदा वळून बघावं, तर पट्टी जेमतेम अर्ध्यावर. पण नाही. पडद्यावर खाली ‘पूर्ण’ असं आलं होतं आणि शेजारी पुलाचे सगळे मोड एकाखाली एक, शहाण्या मुलांसारखे ओळीनं बसले होते. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला नाही झाला. हे कसं झालं ते मला चांगलं ठाऊक होतं, मीच केलं होतं ते. फक्त इतक्या पटकन होईल असं वाटलं नव्हतं. निदान दुपारपर्यंत तरी चालेल, त्याचा फोन येईल तेव्हा चालू असेल, असं मी धरून चालले होते. बाटलीचं झाकण हातातच राहिलं आणि मी उभीच. आता त्याला काय सांगू, एवढंच डोक्यात.

तो म्हणजे माझा मुलगा. आमच्यात भांडण नाही, हे आधी सांगते, कारण लोकांना तेच वाटतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, मिटवता तरी आलं असतं. कुणीतरी मध्ये पडलं असतं, कुणीतरी रडलं असतं. आमचं नुसतंच कमी होत गेलं. तो तिकडे परदेशात गेला तेव्हा रोज फोन, मग एक दिवसाआड, मग फक्त रविवारी, आणि रविवारीही तो बोलायचा त्याच्या बाबांशी. बरं आहे ना, बरं आहे, थंडी पडली का, पडली. मग हे फोन माझ्यापुढे धरणार, ‘हिच्याशी बोल’ म्हणून, जसं काही मी आजारी आहे आणि मला भेटून जायला हवं. मी फोन घेतला की दोन्हीकडे शांतता. काम कसं आहे, मी विचारणार. चालू आहे, तो सांगणार. जेवलास का, हे मला विचारता येत नाही. बाकीच्या आया विचारतात, सहज विचारतात. माझ्या तोंडी ते उसनं आणल्यासारखं वाटतं. तो जाताना विमानतळावर हे सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले. मी त्याला विचारलं, चार्जर हातातल्या बॅगेत ठेवलास ना? तो म्हणाला, ठेवला. आणि काचेपलीकडे गेला. मला त्या वेळी काय वाटत होतं ते मलाच धड कळलं नाही, नंतर गाडीत बसल्यावर कळलं, पण तेव्हा शेजारी हे रडत होते आणि एका घरात दोघांनी एकदम रडून कसं चालेल.

आणि मग हा पूल आला. रस्त्यावरून जाणारा, पायी चालणाऱ्यांचा, लोखंडी. गर्दीच्या वेळी तो हलतो अशी लोकांची बोंब, म्हणून दोन्ही टोकांना फळ्या ठोकून बंद ठेवलेला. तो का हलतो ते सांगायचं काम आमच्या ऑफिसकडे, म्हणजे माझ्याकडे. आयुष्यभर मी हेच करत आले: कोणती वस्तू कशानं हलते ते काढायचं. प्रत्येक वस्तूला हलायची आपली आपली लय असते, तिला आम्ही मोड म्हणतो, आणि माणसांच्या पावलांची लय त्या लयीला जाऊन मिळाली की पूल नाचायला लागतो. ते काढण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये पुलाचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि त्याला म्हणायचं, सोडव. पूर्वी असा पूल माझा चहा होईपर्यंत सुटायचा. हा दिवसदिवसभर सुटेना. आमचे साहेब, जे एके काळी माझ्या हाताखाली शिकले आणि अजून केबिनच्या दारात उभं राहूनच माझ्याशी बोलतात, ते म्हणाले, मॅडम, सॉफ्टवेअर कंपनीकडे तक्रार टाका, एवढे पैसे मोजतो आपण. मी टाकली. मुलगा त्याच कंपनीत तक्रारी बघतो हे मला माहीत होतं, पण तिथे शेकडो माणसं आहेत. मी काही त्याचं नाव घालून टाकली नव्हती. सोमवारी दुपारी फोन वाजला. नमस्कार मॅडम, तुमचा रन फार वेळ घेतोय अशी तक्रार आली आहे. अगदी छापील आवाज. मी म्हटलं, तू? तो म्हणाला, हो आई, मीच. वाटपात ती माझ्याकडे आली. वाटपात आली की ऑफिसचं नाव बघून त्यानं उचलली, हे मी विचारलं नाही. विचारलं आणि वाटपातच निघाली तर, म्हणून विचारलं नाही.

मग रोज दुपारी फोन. आमच्याकडे जेवणाची सुट्टी संपत आलेली, त्याच्याकडे सकाळ उजाडत असलेली. तो माझा पडदा त्याच्याकडे घ्यायचा आणि माझ्या माऊसचा बाण माझ्या हाताशिवाय हलायला लागायचा. मी हात मांडीवर ठेवून बसायची. बाण इकडून तिकडे जायचा, थबकायचा, विचार करायचा, आणि मला कळायचं की आता तो हनुवटी खाजवतोय. लहानपणापासून गणित अडलं की खाजवतो. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, मोड किती मागितलेस? मी आकडा सांगितला. आई, पुलाला एवढे कशाला, पहिले थोडेच बघायचे असतात ना? मी म्हटलं, सवयीनं मागितले. ते कमी केले, थोडा फरक पडला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, मेमरी कमी पडतेय, म्हणून मशीन सगळं डिस्कवर लिहितंय, पुन्हा वाचतंय, त्यात वेळ जातोय. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावून मेमरी वाढवून घेतली. त्यानं डबा उघडून धुळीकडे बघत मला दोन शब्द सुनावले. आणखी थोडा फरक. मग कठड्याच्या बोल्टांभोवतीची मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी. तिथे मी इतके बारीक तुकडे केले होते की एका बोल्टच्या भोकापायी सगळा पूल खोळंबलेला. मग एक कठडाच सुटा सापडला, कशालाच न जोडलेला. सुटा भाग असला की गणितात शून्य लयीचे मोड येतात; म्हणजे तो भाग न वाकता, न ताणता, नुसता तरंगत जातो, त्याला कुणी धरलेलंच नसतं. जोडायचा राहिला वाटतं तुझ्याकडून, तो म्हणाला. मी म्हटलं, हो रे, राहिला. त्याच्या आवाजात हसू होतं. मला त्या हसण्यासाठी आणखी चार कठडे सुटे ठेवायला हरकत वाटली नसती.

संध्याकाळी घरी गेले की हे दारातच विचारायचे, काय म्हणाला? मी सांगायची, मेमरी वाढव म्हणाला. हे ते ऐकून घेणार, मान हलवणार, आणि म्हणणार, आवाज बरा होता ना? यांना मेमरीचं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, पण त्या आठवड्यात आमच्या घरी मोड, मेश, डिस्क हे शब्द पाहुण्यांच्या खुशालीसारखे फिरत होते. एकदा भाजी चिरता चिरता हे म्हणाले, तुमचं मॉडेल लवकर बरं होऊ दे. मी म्हटलं, काही घाई नाही. यांनी सुरी थांबवून माझ्याकडे बघितलं आणि परत चिरायला लागले. सगळं कळतं या माणसाला, फक्त बोलत नाही. आणि मुलगा कुणावर गेला म्हणून मला विचारतात.

तो पाच-सहा वर्षांचा असेल तेव्हा घरातल्या प्रत्येक वस्तूला टिचकी मारायचा. भांडं, खिडकीची काच, गॅसचं सिलिंडर, माझा चष्मा. मी कामावरून आले की मागे मागे येऊन विचारायचा, हे किती वेळा हलतं? माझं डोकं दुखत असायचं, तरी सांगायची. अंदाजे सांगायची, पण आकडा सांगायची, कारण आकडा ऐकला की तो गप्प होऊन तो आकडा घोळवत बसायचा. कपडे धुवायचं मशीन पिळायला लागलं की आम्ही दोघं त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहायचो. आधी घरघर, मग एक जागा अशी यायची की सगळं मशीन थरथरायचं, दात वाजायचे, आणि मग वेग वाढला की एकदम शांत. ती जागा आली, म्हणायचा. गेली, म्हणायचा. त्याचा तळहात माझ्या हातावर असायचा, ओला, साबणाचा वास येणारा. त्या वेळी मला वाटायचं की बाई, स्वयंपाक राहिलाय, काय उभी राहिलीस. आता वाटतं, ते मशीन कधी थांबूच नये. पुढे तो इंजिनिअरिंगला गेला आणि एकदा परीक्षेआधी माझ्याकडे वही घेऊन आला, पुलावरच्या गर्दीचं वजन कुठे धरायचं म्हणून. मी प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेला दाबून धरली, टोकाला खोडरबर ठेवलं आणि टिचकी मारली. मग तेच रबर कापून तुकडे पट्टीभर पसरले आणि परत मारली. बघितलंस? गर्दी पसरायची असते, एका जागी टांगायची नाही, आणि सगळा पूल तर तिच्याशी बांधायचा मुळीच नाही. तो म्हणाला, कळलं. आणि रबर कापलं म्हणून वैतागला, नवीन होतं ते.

आज सकाळी मी तेच शोधून काढलं, माझ्याच मॉडेलमध्ये. कपाळाला हात लावला. गर्दीचं वजन मी एका बिंदूवर ठेवलं होतं, पुलाच्या मधोमध, हवेत, आणि त्या बिंदूपासून फरशीच्या प्रत्येक बिंदूला एक ताठ धागा बांधला होता. याला आम्ही स्पायडर म्हणतो. घाईघाईत, कुणाचा तरी फोन चालू असताना केलं असणार. नवशिका पोरगाही करणार नाही असलं. एरवी पुलाचा प्रत्येक तुकडा फक्त आपल्या शेजाऱ्यांशी जोडलेला असतो, म्हणून गणित मोकळं राहतं, मशीनला हवा खेळते. हा स्पायडर घातला की या टोकाचा तुकडा त्या टोकाच्या तुकड्याला विचारल्याशिवाय हलू शकत नाही, प्रत्येकाचं प्रत्येकाशी काहीतरी लागतं, आणि मशीन गुदमरतं. मोड, मेमरी, मेश, सुटा कठडा, हे सगळं वरवरचं होतं. खरं दुखणं हे. मी स्पायडर काढला, गर्दी फरशीभर पसरली, रन लावला आणि पाणी आणायला गेले. गेले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त पूल होता. बाटली भरता भरता लक्षात आलं की हे चाललं तर तक्रार मिटली. आणि तक्रार मिटली की ती बंद करावी लागते. त्यांच्याकडे नियमच आहे, गिऱ्हाइकानं ‘झालं’ म्हटलं की बंद, आणि बंद तक्रारीवर फोन करता येत नाही.

तर मी उभी होते, झाकण हातात. मग मी बसले. आकडे तपासले, कारण तेवढी लाज अजून आहे मला. पूल आधी वाटला होता त्याहून मऊ निघाला. ताठ धाग्यांनी त्याला उगाच आवळून धरलं होतं. त्याची लय माणसाच्या चालीला अगदी चिकटून होती, लोक खोटं बोलत नव्हते. मी साहेबांना निकाल पाठवला आणि वर लिहिलं की मधल्या भागाखाली आधार द्यावा लागेल. ते काम तिथे संपलं. माझी वीस-पंचवीस वर्षांची नोकरी सांगते की इथे थांबायचं, कंपनीला दोन ओळी लिहायच्या, आभार मानायचे. मी कालची जुनी प्रत उघडली. स्पायडर तिच्यात होता, पाय पसरून. मी तीच प्रत लावली आणि पट्टी हळूहळू सरकायला लागली, शून्य, शून्य, एक, आणि मला इतकं हायसं वाटलं की सांगता सोय नाही. या वयात, केस पिकलेली बाई, स्वतःच्या मुलाशी बोलायला मिळावं म्हणून चुकीचं गणित चालवत बसलेय. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं. पण मला त्याचा आवाज हवा होता. नुसता आवाज, ‘आई, डिस्क किती भरली बघ’ एवढ्यावरही माझी दुपार निघाली असती. त्याला गेल्यापासून मी एकदाही बघितलेलं नाही, आणि फोटो तो पाठवतो ते बर्फाचे.

फोन आला. माझा हेडफोन बिघडला होता म्हणून स्पीकरवरच घेतला, केबिनचं दार लोटलेलं होतं. तो म्हणाला, आज कसं काय? मी म्हटलं, तेच, लोळतोय. त्यानं पडदा घेतला, बाण हलायला लागला. आज त्याला घाई नव्हती. तिकडे काल वीज गेली होती म्हणाला, अंधारात मेणबत्ती सापडेना, शेवटी फ्रीजचं दार उघडून बसला होता, तर वीज नाही म्हटल्यावर फ्रीजचा तरी दिवा कुठून लागणार, हे जरा वेळानं लक्षात आलं. मी हसले. कितीतरी दिवसांनी त्यानं मला स्वतःहून काहीतरी सांगितलं होतं ज्याचा कामाशी संबंध नव्हता. मी विचारणार होते की मग जेवणाचं काय केलंस, खरंच विचारणार होते, तोंडात आलं होतं, तेवढ्यात दार उघडलं. साहेब. नेहमीप्रमाणे दारात उभे, हातात कागद, चेहरा फुललेला. म्हणाले, मॅडम, मानलं तुम्हाला, सकाळचा निकाल बघितला, काय झटक्यात सोडवलंत, मी पुढे पाठवून पण दिला. आणि दार लोटून गेले.

पडद्यावर बाण थांबला. जुनी प्रत तशीच चालू होती, एक, एक, दोन. मला वाटलं, आता तो ‘बरं मॅडम’ म्हणेल. मी काही सारवासारव करायचा प्रयत्न केला नाही, कारण मला खोटं धड बोलता येत नाही.

‘स्पायडर काढलास?’ त्यानं विचारलं.

‘हो.’

‘कधी?’

‘सकाळी,’ मी म्हटलं, आणि मग मला ऐकू आलं की त्यानं काय विचारलं होतं. ‘तुला कसं माहीत स्पायडर होता ते?’

तिकडे त्याच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘सोमवारीच दिसला होता. उघडल्या उघडल्या.’

मी काय ऐकतेय ते मला आधी समजेना. मग एकदम भडकलेच. म्हटलं, आठवडाभर मला नाचवलंस, मेमरी विकत घ्यायला लावलीस, त्या कॉम्प्युटरवाल्याचं ऐकून घेतलं मी, आणि मी उद्या चुकीचा निकाल पुढे पाठवला असता म्हणजे? तो म्हणाला, पाठवला नसतास, रन पूर्णच होत नव्हता. व्हायला आला असता तर सांगितलंच असतं, रोज लक्ष ठेवून होतो. तिकडचा साहेब रोज विचारतो, ही तक्रार अजून उघडी कशी, तर मी सांगतो, फार किचकट आहे. हे त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं की माझा राग गेला कुठल्या कुठे.

‘मग बोलला का नाहीस?’ मी विचारलं.

‘बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, हं, बरोबर, बंद कर तक्रार. आणि ठेवला असतास फोन.’

ते खरं होतं. सोमवारी मी अगदी हेच म्हटलं असतं, आणि घरी जाऊन यांना सांगितलं असतं की पोरगा हुशार आहे, एका मिनिटात काढलं त्यानं. आणि रविवारी पुन्हा शांतता. मी डोळे पुसले, त्याला दिसत नव्हतं म्हणून बरं.

‘कर आता बंद,’ मी म्हटलं.

‘करतो.’ पण केली नाही. माझ्या पडद्यावर ती अजून उघडीच दिसत होती. ‘आई, मग उद्या फोन कशासाठी करू?’

‘कशासाठीच नको. नुसता कर.’

‘कर म्हणतेस, पण बोलायचं काय?’

त्यानं ते चेष्टेत विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं, आणि मी त्याची आई, हलणाऱ्या प्रत्येक वस्तूचा आकडा सांगणारी. मलाही कळत नव्हतं.